पाण्याखालचं गाव आणि आमचं सोवळं

मैत्रिणींनो, आज मंडळाच्या फळ्यावर लिहायची पाळी माझी नाही, पण राहवत नाही.

मुलांच्या मासिकातली पाण्याखालच्या गावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. दर महिन्याला त्यातली मुलगी तिथलं एक नवं दार उघडते. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, ती मुळीच पसंत नाही. कालच त्यांनी बजावलं, "पोरीच्या डोक्यात हे खूळ नको. मासिक बंद करा!"

आज दुपारी माझी कुसुम ओसरीवर नवा अंक मोठ्यानं वाचत होती. मी स्वयंपाकात, मामंजी पूजेत, दोघंही सोवळ्यात. गोष्टीतल्या मुलीनं कडीला हात घातला, तेवढ्यात मैत्रिणीची हाक आली आणि कुसुम मासिक तिथंच टाकून पळाली.

मी बाहेर येऊन बघते, तर मामंजी मासिकावर वाकलेले. पान संपलेलं. सोवळ्यात कागदाला शिवायचं नाही, मग उलटणार कोण?

"सूनबाई, चुलीचा पंखा आण. वारा घाल."

मी घातला. नको तेवढी पानं उडाली.

"अगं हळू! आता इकडून घाल!"

नैवेद्य गार झाला.

अशा गोष्टी फक्त मुलांसाठी असतात, असं कोण म्हणतं? बंद दारामागं काय आहे, हे म्हाताऱ्यांनाही ठाऊक नसतं. उलट त्यांना घाई जास्त.

संध्याकाळी मामंजी गंगेवरून उशिरा परतले. कुसुमनं विचारलं, "आजोबा, गाव दिसलं?"

"आज पाणी गढूळ होतं," ते म्हणाले. "उद्या बघतो."