निमकर सरांचा शेरा

शशिकांत निमकर सरांच्या पँटवर बारा महिने चुन्याचे डाग असत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते त्या डागांसकट बसत, आणि शेजारच्याने विचारायच्या आत कारण सांगत. कारण म्हणजे आमच्या शाळेतली मुलांची मुतारी. तिच्या भिंतीवर कुणी कुणाबद्दल अचकटविचकट लिहिलं, की पहिल्या तासाच्या आत सर बादली आणि कुंचा घेऊन हजर. शिपायाला ते हे काम देत नसत. शिपाई आधी चवीनं वाचतो आणि मग पुसतो, असा त्यांचा आरोप होता. स्वतः आपण न वाचता पुसतो असं ते सांगत, पण अक्षर कुणाचं ते दुपारपर्यंत त्यांना ठाऊक झालेलं असे. लिहिणाऱ्याला मार नाही, मुख्याध्यापकांचं दार नाही. पुढच्या खेपेला त्यानं बादली धरायची, एवढीच शिक्षा. ‘बावीस वर्षांत भिंतीपायी एका पोरानं शाळा सोडली नाही,’ हे वाक्य आमच्या नवघरात बहुतेकांनी दोनदा तरी ऐकलेलं होतं.

दोन हजार सात सालच्या डिसेंबरात त्यांच्या नववी ‘ब’मधली रुचिता पाच दिवस आली नाही. सहाव्या दिवशी तिचे वडील काशीनाथ शिक्षकखोलीत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. इंटरनेटवर कुणीतरी तिच्या नावाचं पान काढलं होतं. वर सहलीचा फोटो, बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेली रुचिता, आणि खाली बरंच काही. काय ते त्यांना सांगवेना. पोलिसांत जायचं तर मुलीचं नाव आणखी चार ठिकाणी जाणार. मुख्याध्यापकांनी आधीच कळवलं होतं की हे शाळेच्या फाटकाबाहेर घडलं आहे.

निमकर सरांनी सवयीनं विचारलं, “अक्षर कसं आहे?”

“टाइप केलंय, सर.”

सर म्हणाले, “काशीनाथराव, दोन दिवसांत पुसतो. रुचिताला सांगा, सोमवारी यायचं.”

संध्याकाळी ते फरसाणच्या दुकानावरच्या सायबर कॅफेत गेले. आत एसी दिसला म्हणून चपला बाहेर काढल्या. मालक नाथाभाईनं पान उघडून दिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं वाचून काढलं. मग ते पुसायला सांगितलं. नाथाभाई म्हणाला, “सर, जिसने बनाया वोही निकालेगा. अपन खाली कंप्लेंट कर सकते.” त्यानं तक्रारीचं बटण दाबलं. महिना लागेल, किंवा काहीच होणार नाही, असंही सांगून टाकलं.

पानाच्या तळाशी लिहायला मोकळी चौकट होती. तिथंच घात झाला. मोकळी जागा दिसली आणि मास्तरानं शेरा मारला नाही, असं कधी झालं नाही. सरांनी एका बोटानं पाऊण तास टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत मराठी: हे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने उद्या प्रार्थनेनंतर मला शिक्षकखोलीत भेटावे. खाली पूर्ण नाव, वर्गशिक्षक नववी ‘ब’, दिनांक. नाथाभाई म्हणाला, नाम मत डालो. सर भडकले. बिनसहीचं लिहायला आपण काय त्या पोरांतले आहोत का, असं त्यांनी त्यालाच सुनावलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सर शिक्षकखोलीच्या दारात उभे. पहिला तास संपेपर्यंत उभे. कुणी आलं नाही.

आले होते ते पानावर. काल तिथं एक्केचाळीस जण होते, आज दोनशेच्या वर, त्यात शेजारच्या मीरा रोडच्या शाळांतलेही. सरांच्या शेऱ्याखाली ओळीनं उत्तरं लागली होती: ‘हजर सर’. ‘हजर सर’. कुणी नटाच्या नावानं, कुणी राक्षसाच्या, एकजण तर खुद्द सरांच्याच नावानं. सरांनी सगळे मोजले. सत्तावन्न भरले. पाठमोरं राहून हजेरी घेताना कोण कुणाची हजेरी लावतोय ते आवाजावरून पकडणारा हा माणूस. पण त्या सत्तावन्नांतला त्यांना एकही ओळखू आला नाही.

सोमवारी रुचिता आली नाही. पुढच्या रविवारी सर तिच्या घरी गेले. आई गिरिजानं चहा ठेवला. रुचिता आतल्या खोलीत, दार लोटलेलं. सर त्या दाराशी बोलले. वर्गाला चांगला दम भरतो, सगळ्या पालकांना बोलावतो, तुझी चाचणी वेगळी घेतो, असं बरंच बोलले. आतून हळू आवाज आला.

“सर, तुम्ही लिहिलंत ना, त्याच्या आधी फक्त आपल्या वर्गानं बघितलं होतं.”

चहावर साय धरली.

“आता तुम्ही काही करू नका ना, प्लीज.”

जानेवारीत काशीनाथ दाखला न्यायला आले. रुचिता साताऱ्याला आत्याकडे शिकणार होती. कार्यालयातल्या कारकून मंदाताईंनी दाखल्याचा कागद भरत आणला, तेव्हा शाळा सोडण्याचं कारण मी लिहितो म्हणून सरांनी तो आपल्याकडे ओढला. वाक्य त्यांनी घरून ठरवून आणलं होतं: शाळा मुलीला सांभाळू शकली नाही. मंदाताई म्हणाल्या, त्या रकान्यात एवढं मावत नाही. सर म्हणाले, बारीक लिहितो.

काशीनाथ पुढे वाकले. “सर, तसलं काही नको. तिकडे विचारतील काय झालं. मग तिथली पोरंपण शोधायला बसतील.”

सरांनी पेन तसंच धरून ठेवलं. मधल्या सुट्टीची घंटा होऊन व्हरांडा पोरांनी भरला, तरी धरलेलंच होतं. वर्तणुकीच्या रकान्यात मंदाताईंनी ‘चांगली’ लिहिलं होतं, त्याच्यापुढे सरांनी ‘अतिशय’ घुसवलं. ते उलट पडलं, ‘चांगली अतिशय’ असं. खाली कारणात लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. मग सही केली.

काशीनाथांनी दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि सरांचे आभार मानले. सर ‘असू दे, असू दे’ म्हणत राहिले. काशीनाथ फाटकाबाहेर जाऊन रिक्षात बसले तरी म्हणत होते.