जातो नव्हे, येतो

आमचं कुटुंब शिरोळकडच्या एका गावातून कोडोलीला आलं, त्यावर मी पुस्तक लिहिलं. मित्रांनी आधी हसून घेतलं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, एसटीनं सकाळी निघालं तर जेवायला पोचतो, हे कसलं रं स्थलांतर, म्हणाले. म्हटलं, लेकांनो, नदीनं घर नेल्यावर पोरंबाळं घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बघा, मग अंतर मोजा.

त्या ट्रॉलीत बसलेल्यांपैकी आता एकटी आत्ती उरलीय, माझ्या वडिलांची बहीण. पुस्तक छापून आल्याबरोबर मी तिला नेऊन दिलं होतं. आमटीत मीठ कमी पडलं तरी फोन करून सांगणारी बाई, पण पुस्तकाबद्दल चकार शब्द नाही. मला धास्तीच बसली. बाकी कुणी नावं ठेवली असती तर उडवून लावलं असतं, पण आत्तीलाच पटलं नाही तर ते पुस्तक आमच्या घराचं कसलं?

कोल्हापुरात एका छोट्या सभागृहात वाचन ठेवलं, तेव्हा ती आली. नवी कोरी इरकल नेसून तिसऱ्या रांगेत बसली, मांडीवर पुस्तक. मी मुद्दाम गाव सोडतानाचं पान काढलं. शेजारच्या घरातल्या सुनेला सगळी गल्ली आक्का म्हणायची. पुरात तिनंच आमच्या माणसांना आपल्या माडीवर ठेवून घेतलं होतं. ट्रॉलीत चढताना आज्जी तिचा हात धरून म्हणते, ‘जातो आम्ही.’ इथं मी आवाज जरा खाली आणला. एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मनातल्या मनात खूश.

“थांब,” आत्ती उभी राहिली. “आई असं म्हणालीच न्हाई. निघताना ‘जातो’ म्हणतंय व्हय कोण?”

सभागृहात खसखस पिकली. मागून एक आजोबा म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, मीही तिथंच अडखळलो होतो. आमच्याकडं भाजी आणायला निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणूनच निघतो. ‘जातो’ म्हटलं की घरातली म्हातारी अंगावर येते. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण ‘येतो’नं कुणाच्या डोळ्यात पाणी आलं असतं? घसा खाकरून मी तेच सांगायला गेलो, की त्यामागं एक भावना आहे.

“भावना तुझी आसंल, तोंड माझ्या आईचं हाय,” आत्ती म्हणाली आणि खाली बसली.

सगळे हसले, मग मीही हसलो. पुढं भडंग खात खात सह्यांसाठी रांग लागली. आत्ती खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसली आणि प्रत्येकाला ते पान उघडायला लावू लागली. मी ‘जातो’ खोडायचो, वर ‘येतो’ लिहायचो, मग सही करायचो. एक पैलवान गडी म्हणाला, सही राहू दे पावणं, दुरुस्ती तेवढी नीट करा. एवढी शोभा कुठल्या लेखकाची झाली नसेल, आणि एवढी मजाही मला कधी आली नव्हती.

शेवटी आत्तीनं स्वतःची प्रत पुढं केली. मी दुरुस्ती केली आणि पहिल्या पानावर तिचं नाव घालायला लागलो, तर तिनं हात धरला. हे माझ्यासाठी न्हाई, म्हणाली, आक्काला म्हणून लिही. पुस्तकासाठी मी त्या गावचा नदीघाट पालथा घातला होता, पण आक्का अजून असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आक्का आहे, थकलीय, पण त्याच घरात आहे. आत्तीनं माणसं गाठून चौकशी केली होती; त्याच खटपटीत होती, म्हणून तर इतके दिवस गप्प होती. आज्जीची आधी पोरं लहान, मग घरच नाही तर जायचं कुणाकडं, असं करत करत ती वारली.

“येतो म्हणून निघालेलो आम्ही,” आत्ती हळूच म्हणाली. “अजून कुणी गेलं न्हाई.”

रविवारी गाडी काढ, म्हणाली. मी मान हलवली. ‘आक्काला’ एवढं लिहून मी विचारलं, खाली काय लिहू?

“लिही,” आत्ती म्हणाली, “आलो.”