आमशाच्या हातातली ताटली

शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर आमशाला सगळे मास्तर म्हणत. मिशनच्या फादरला पाड्याची बोली येत नसे. पाप काय, पुण्य काय, धर्माची ती सगळी प्रश्नोत्तरे आमशानेच लोकांकडून तोंडपाठ करून घेतली होती. आणि तोच वर्षानुवर्षे फादरपुढे गुडघे टेकून एकच पाप सांगत आला होता: डोंगरसिंग.

डोंगरसिंग सागवान तोडायचा, मोठ्याने हसायचा. एका मोहाखाली, एका झोपडीत दोघे राहत. पाड्याला वाटे, भावासारखे राहतात.

पासष्ट सालच्या उन्हाळ्यात नवल झाले. फादर वेदीऐवजी लोकांकडे तोंड करून उभा राहिला आणि लॅटिन सोडून मराठीत मिस्साची प्रार्थना म्हणू लागला. आमशाला वेडी आशा लागली. इतकी जुनी प्रार्थना बदलते, मग ते एक उत्तर का नाही?

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने पापनिवेदनात विचारलेच. "फादर, रोमला बिशपांची सभा भरते ना? आम्हा दोघांबद्दलचं तिथं बदलेल का?"

फादर म्हणाला, "भाषा बदलली, आमशा. शिकवण नाही. ती माझी नाही, बिशपांची नाही. पोपलाही ती मोडता येत नाही."

"मग कुणाला येते?"

"कुणालाच नाही. त्याला सोडतो म्हण, मी क्षमा देतो."

दर वेळी म्हणत आलेले 'सोडतो' आज आमशाच्या ओठांवर काही केल्या येईना. तो तसाच उठला.

चर्चबाहेर डोंगरसिंग उभा होता. "काय मास्तर, धुऊन निघालास?"

"नाही."

"अरे येड्या, खोटं बोलायचं!"

"तू बोलशील?"

डोंगरसिंगचे हसू मावळले. तो आत फादरकडे गेला. बाहेर आला तेव्हा आमशाकडे न बघता थेट आपल्या सख्ख्या भावाच्या घराकडे चालू लागला.

ईस्टरला प्रसाद वाटताना फादरच्या बाजूने आमशा चालत होता. प्रसादाचा कण खाली सांडू नये म्हणून प्रत्येकाच्या हनुवटीखाली ताटली धरायची, हे त्याचे काम. रांगेत डोंगरसिंग आला. क्षमेशिवाय प्रसाद घ्यायचा नाही, हे त्याला आमशानेच शिकवले होते. डोंगरसिंगने डोळे मिटून तोंड उघडले. आमशाने ताटली धरली.

शेवटी फादर नेहमीसारखा प्रसाद घेऊन त्याच्याकडे वळला. आमशाने नकारार्थी मान हलवली.

"मास्तर, तुम्हीच उपाशी?" पुढच्या रांगेतून पाड्यावरची मीनाबाई कुजबुजली.

सगळा पाडा बघत होता. एकटा डोंगरसिंग तेवढा जमिनीकडे बघत होता.