चमच्यावरची घासलेली जागा

कुवेतमध्ये, फिंतासला समुद्राकडे तोंड असलेल्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर, मी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा जात होतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरकाबमधल्या आमच्या क्लिनिककडून घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे पेशंट मला मिळतात. हे त्यांतलेच एक. एक्क्याऐंशी वर्षांचे इंग्रज गृहस्थ, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, बायको वारलेली, मुलगी इंग्लंडात. क्लिनिकच्या कार्डावर त्यांचं साधं इंग्रजी आडनाव होतं. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, त्यांना ‘बाबा’ म्हणायचा.

व्यायामानंतर ते स्वतः चहा करायचे. वॉकर धरून उभं राहून चहा करणं हाही मी त्यांचा व्यायामच धरला होता. माझ्या बशीत नेहमी एक जुना चांदीचा चमचा असे. दांड्याच्या टोकाला, जिथे नक्षी असायला हवी, तिथे गुळगुळीत खळगा होता. माझा अंगठा आपोआप तिथे जायचा. एकदा मी विचारलं, “हे झिजलंय का सर?”

“झिजलं नाही. घासलंय,” ते म्हणाले. “माझ्या आजोबांनी. कानस घेऊन.”

पुढचं त्यांनी अनेक दिवसांत, पाय उचलण्याच्या मोजणीच्या मधे मधे सांगितलं. आजोबा जर्मनीतल्या एका छोट्या संस्थानाचे राजपुत्र. आपल्या एखाद्या तालुक्याएवढं संस्थान. लहानपणीच ते इंग्लंडला मावशीकडे आले, तिथल्या आरमारात वाढले. मग जर्मनीशी पहिलं महायुद्ध पेटलं. घरावर दगड आले, गावातला पाववाला पाव देईना. शेवटी इंग्लंडच्या राजाच्याच हुकुमाने त्याच्या अशा सगळ्या नातलगांनी जर्मन नाव आणि किताब सोडले. आजोबांना बदल्यात इंग्रजी नाव आणि इंग्रजी सरदारकी मिळाली. त्या हिवाळ्यात त्यांनी होड्यांच्या शेडमध्ये बसून घरातल्या प्रत्येक चमच्यावरचं राजचिन्ह घासून काढलं. नोकराला सांगितलं नाही. आजी मात्र कुत्र्याशी जर्मनच बोलायची. कुत्रा मेला आणि घरातलं जर्मन संपलं.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी? शाळेत मुलं माझ्यामागे टाचा आपटत जर्मन सैनिकांसारखी चालायची. वडील गेल्यावर मी लॉर्ड झालो. म्हणजे गळक्या छपराखालच्या अकरा बादल्या माझ्या मालकीच्या झाल्या.” घर विकलं, त्याचं हॉटेल झालं. ते बंदराचे इंजिनिअर होऊन कुवेतला आले आणि राहिले. “इथे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तुला सांगतोय ते तुझ्यापाशीच राहू दे.” मग त्यांनी संस्थानाचं नाव सांगितलं. हळू, जसं काही दुसऱ्या खोलीत कोणी झोपलं होतं.

मी हो म्हणालो. त्यांनी मला विचारलं, “तुझे वडील काय करायचे?”

“डॉक्टर होते,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. माझे वडील तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. स्ट्रेचर ढकलायचे, भांडी धुवायचे. कुवेतला आल्यावर आमच्या मराठी मंडळातल्या डॉक्टर मंडळींमध्ये उठबस सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदा ते तोंडातून गेलं आणि मग तसंच राहिलं.

मंडळाचा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम शुक्रवारी सलव्यातल्या एका हॉलमध्ये होता. तीन दिवस आधी अध्यक्षांचा फोन आला. प्रमुख पाहुण्यांनी येत नसल्याचं कळवलं होतं.

“अरे, तुझा तो गोरा पेशंट आहे ना? त्यालाच आण.”

“त्यांना मराठी येत नाही.”

“आपल्या पोरांना तरी कुठे येतं? गोरा माणूस खुर्चीत दिसला की फोटो चांगले येतात. आणच तू.”

लॉर्ड तयार नव्हते. पण माझी बायको पाठवायची त्या पुरणपोळीवर त्यांचा जीव होता, आणि कार्यक्रमालाही तीच करणार होती. “कोण म्हणून ओळख करून देशील?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “निवृत्त इंजिनिअर. बस.” ते टाय बांधून आले.

परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या कागदावर चार ओळी होत्या. मी पहिली वाचली. मागे वडापावच्या टेबलाशी गर्दी होती, मुलं पळत होती, पहिल्या रांगेतले डॉक्टर मोबाइल बघत होते. मी दुसरी ओळ वाचली. कोणीही वर बघितलं नाही.

मग मी कागदावरून डोळे काढले. म्हणालो, आज आपल्यामध्ये एक राजघराणं बसलं आहे. मी आजोबांचं सांगितलं, राजाच्या हुकुमाचं सांगितलं, संस्थानाचं नाव सांगितलं. मोबाइल खाली गेले. ते नाव ऐकल्यावर लॉर्डनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मराठी कळत नसलं तरी ते नाव त्यांना कळणारच होतं. मी ते पाहिलं. तरीही थांबलो नाही. इतिहास जरा वेगळा घडला असता तर हे आज सिंहासनावर असते, असंही ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. शाल, नारळ आणि फेटा झाला. फेटा भुवयांपर्यंत उतरला होता आणि लोक सेल्फीसाठी रांग लावत होते. लॉर्ड प्रत्येकासाठी हसले.

गाडीत नारळ त्यांच्या मांडीवर होता.

“टाळ्या कशावर पडल्या?”

“सर, मी आदरानेच...”

“मी ते विचारलं नाही.”

मी सांगितलं.

“सिंहासन,” ते म्हणाले. “एवढं मोठं खोटं आमच्या शत्रूंनीसुद्धा सांगितलं नव्हतं.” मग थोड्या वेळाने, “आजोबांनी ते नाव मरेपर्यंत उच्चारलं नाही. मी आयुष्यात एकदा उच्चारलं.”

मी माफी मागितली. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं. पुढच्या खेपेला ते मला पहिल्यांदाच मिस्टर लावून आडनावाने बोलले. चहा आला. बशीत सुपरमार्केटमधला स्टीलचा चमचा होता.

बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. “माफी मागितलीत ना?”

“मागितली.”

“कशाची? त्यांचं उघडं केलंत त्याची, की स्वतःचं झाकून ठेवलंत त्याची? त्यांनी खरं देऊन तुमच्याकडून खोटं घेतलंय, अजून त्यांना ठाऊक नाही.”

पुढच्या वेळी त्यांचा पाय माझ्या हातात होता, मोजणी सहावर आली होती, तेव्हा मी म्हणालो, “सर, माझे वडील डॉक्टर नव्हते. वॉर्डबॉय होते.”

त्यांनी पाय खाली केला नाही. “कामात चांगले होते?”

“पेशंट उचलताना त्यांच्या हातून कधी कोणाला दुखलं नाही, असं लोक म्हणायचे.”

“म्हणजे तू मला उचलतोस ते त्यांचं आहे.” मग म्हणाले, “मंडळातल्या लोकांना हे माहीत आहे?”

“नाही.”

“काळजी करू नका,” ते पुन्हा मिस्टर लावून आडनावाने म्हणाले. “मी कोणाला सांगणार नाही. सात.”

मी आठ म्हणालो. दहा पूर्ण केले, दुसरा पाय घेतला.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांची मुलगी येऊन त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. तोवर मी ठरल्या दिवशी जात राहिलो. ते वेळेवर तयार असायचे, हवेबद्दल बोलायचे. चांदीचा चमचा पुन्हा माझ्या बशीत आला नाही. त्यांनी दिलेला शब्द त्यांनी पाळला असणार, याबद्दल मला शंका नाही.

यंदा मंडळाच्या स्मरणिकेसाठी अध्यक्षांनी मला काहीतरी लिही म्हटलं, म्हणून हे लिहून दिलं आहे. सिंहासनाचं मी सांगितलं ते खोटं होतं. त्या शुक्रवारी हॉलमध्ये असलेल्या कोणाला ते संस्थानाचं नाव आठवत असेल, तर त्यांनी कृपया ते पुढे कोणाला सांगू नये. माझ्या वडिलांचं मात्र सांगायला हरकत नाही. ते तीस वर्षं वॉर्डबॉय होते.