शाळा चालवायची पदवी

शिकवणारी माणसं पुन्हा शिकायला बसली की किस्से आपोआप साठत जातात. आम्ही तिघं सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या शाळांवरचे. पाटील सर उधन्याला मुख्याध्यापक, कोमल भेस्तानला शिक्षिका आणि मी डिंडोलीला. एका भागातल्या सगळ्या शाळा मिळून कशा चालवायच्या, हे शिकवणारी शैक्षणिक प्रशासनाची वरची पदवी घ्यायचं आम्ही ठरवलं. पर्यवेक्षक व्हायचं तर ती लागते. पण तिच्या अटी किती! आधी मुलाखत, मग वर्ग, मग अधिकाऱ्याबरोबर काम, मग पालकसभा घेऊन दाखवायची आणि शेवटी प्रबंध आणि व्हायवा. एकही अट अशी नाही, की जिच्यापायी काही घडलं नाही.

*

मुलाखतीची पहिली अट, प्रशासनाचा अनुभव हवा. पाटील सर मूळचे खानदेशातले, पन्नाशीला आलेले. त्यांना विचारलं, "तुम्ही स्वतः घेतलेला एखादा प्रशासकीय निर्णय सांगा."

सर म्हणाले, "मी घटक चाचणी ठरल्यापेक्षा आधी घेतली. लग्नसराईत आमची अर्धी शाळा गावाला जाते."

"तारीख कशाच्या आधारे ठरवली?"

"लग्नपत्रिकांच्या. पालक मला पत्रिका देतात, मी त्या ऑफिसात भिंतीला लावून ठेवतो."

"आणि त्या भिंतीला तुम्ही काय म्हणता?"

"वार्षिक नियोजन," सर म्हणाले.

निवड यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर लागलं.

*

वर्ग सुरू झाले. वाचायची बरीच पुस्तकं हिंदीत होती. सरांनी एक जाडजूड पुस्तक घरी नेलं. नाव 'शिक्षा प्रशासन'. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, पण सरांच्या वडिलांना ते कोण सांगणार? अण्णांचं वय झालेलं. घरात सगळे अहिराणीच बोलतात. रोज संध्याकाळी मुलगा जेवण बाजूला ठेवून पुस्तकात डोकं घालून बसतो, हे ते बघत होते. एक दिवस त्यांनी चष्मा लावून पुस्तकाचं नाव वाचलं.

पुस्तक होतं तिथे ठेवलं. मग सुनेला हळूच म्हणाले, "याले इतली मोठी शिक्षा कोनी दिन्ही?"

वहिनींनी आत जाऊन पदर तोंडाला लावला. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "मनी मीच लिन्ही, अण्णा."

*

मग फिल्डवर्क. एका पर्यवेक्षकांच्या मागे सावलीसारखं फिरायचं, ते निर्णय कसे घेतात ते बघायचं, अशी अट. माझ्या वाट्याला एक शांत स्वभावाचे गुजराती साहेब आले. मी 'सावली' हा शब्द फारच मनावर घेतला. ते एका वर्गात शिरले की मी मागे. पाण्याची टाकी बघायला जिन्यानं वर गेले की मी मागे. पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर थांबले, मी तिथेही शेजारी जाऊन उभी राहिले.

दुपारी ते जेवायला घरी निघाले. स्कूटरला किक मारली आणि मागे वळून बघितलं, तर मी रिक्षाला हात करत होते.

साहेबांनी स्कूटर बंद केली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बहेन, दुपारी सावली पायाखाली जाते. तुम्ही पण जेवून या."

*

कोमल आमच्यात लहान. सुरतेतच जन्मली, त्यामुळे मराठीत सुरू केलेलं वाक्य बरेचदा गुजरातीत संपवते. तिला पालकसभा घेऊन दाखवायची होती. तिच्या शाळेतले बहुतेक पालक लूमच्या खात्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला, म्हणजे दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात. दोनदा सभा बोलावली, कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा तिनं पाळी बदलायची वेळ धरली आणि सगळं अंगण भरलं.

सभा बघून गुण द्यायला विद्यापीठातून एक प्राध्यापक यायचे होते. त्यांना उशीर झाला. फाटकाशी पोचले तर आतून पंचवीस-तीस माणसांचा एकदम आवाज. हात वर, माना ताठ. प्राध्यापक घाबरले. शिपायाला म्हणाले, "आधी मॅडमना बाहेर काढा."

शिपाई आत जाऊन बघून आला. म्हणाला, "भांडण नाही साहेब. खात्यातली माणसं आहेत, त्यांचा आवाजच तेवढा. मॅडमचे आभार मानताहेत."

*

शेवटी पाटील सरांचा व्हायवा. मी आणि कोमल मागच्या बाकावर बसलो होतो.

सरांचा प्रबंध लहान शाळा मोठ्या शाळांत विलीन करण्याबद्दल होता. आणि त्याच काळात सरांची स्वतःची शाळा रुळांपलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवायची, असं वर चाललं होतं. पाचवीपासूनची मुलं आधीच पलीकडे जात होती. सरांनी बाकी सगळ्या शाळांचं विलीनीकरण मान्य केलं होतं. फक्त आपल्या शाळेचे पहिली ते चौथीचे वर्ग जागेवर ठेवावेत, असं लिहिलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कडक. प्रबंध मिटून म्हणाले, "म्हणजे सगळ्यांची शाळा गेली तरी चालेल, तुमची खुर्ची राहायला हवी."

सरांचा चेहरा उतरला.

"खुर्ची उचला, साहेब," ते म्हणाले. "माझी बदली करा. मुख्याध्यापक पलीकडचेच राहू देत. लहान मुलांचे वर्ग तेवढे अलीकडे ठेवा."

"कशासाठी? मी नकाशा बघितलाय. अंतर नियमात बसतं."

"बसतं, साहेब. नकाशावर गाड्या येत नाहीत."

कोमलनं माझा हात घट्ट धरला. आमच्या प्रबंधाच्या गाइड मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. आता सर नापास, असंच मला वाटलं.

परीक्षक उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चालो, बतावो. दाखवा तुमच्या गाड्या."

दोन रिक्षा करून आम्ही सगळे निघालो. पोचलो तेव्हा शाळेच्या दुपारपाळीची वेळ होत आली होती. रेल्वेचं फाटक बंद. समोर मालगाडी उभी, तिचं पुढचं टोक दिसत नव्हतं आणि मागचंही. आमच्या बाजूला पलीकडच्या शाळेत जाणारी पाच-सहा मुलं दप्तरं घेऊन थांबलेली. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. गाडी हलेना.

एक बाई डोक्यावरचं गाठोडं आधी सरकवून डब्याखालून पलीकडे गेली. तिच्या पाठोपाठ दोन माणसं गेली. मग पाचवीतली वाटावी अशी एक मुलगी फाटकाखालून शिरली, रुळाजवळ जाऊन वाकली आणि चाकांच्या मधून पलीकडे बघू लागली.

परीक्षक त्या वयात फाटकाखालून गेले आणि त्यांनी तिच्या दप्तराचा पट्टा धरला. तिला मागे घेऊन आले. पट्टा त्यांनी सोडला नाही.

गाडीच्या पलीकडून घंटेचा आवाज आला.

"ही कसली घंटा, पाटील?"

"शाळा भरली, साहेब," सर म्हणाले.