अक्काचे चाक

अक्का गेल्याचा निरोप घेऊन तिच्या सासरहून, भिसेगावहून गडी आला, तेव्हा मी खालापूरच्या शाळेत कविता शिकवत होतो. फळ्यावरची ओळ अर्धीच राहिली... त्याला आता महिना उलटून गेला. अक्का माझी थोरली बहीण.

लग्नानंतर काही वर्षांनी कर्जतच्या भाताच्या गिरणीत, यंत्राच्या पट्ट्यात सापडून तिचा डावा हात मनगटापासून गेला. जखम भरली, पण चूल सासूबाईंकडे गेली. भाकरी उजव्या हाताने थापायची, तर डाव्याने कड सावरत ती फिरवावी लागते. भावकीतले लोक तिच्या नवऱ्याला, आमच्या दाजींना, दुसरी बायको करा म्हणू लागले. अक्का मला एवढेच म्हणाली, "घरात हाय, पन पाव्हन्यावानी हाय रं मी."

दाजी बायकोऐवजी हात शोधायला निघाले. लढाईत हात गमावलेल्या शिपायांसाठी हात करणारा कारागीर त्यांनी मुंबईत गाठला आणि मोठ्या हौसेने एक हात आणला. पाच बोटे, नखेसुद्धा रंगवलेली. आम्ही हरखून पाहत राहिलो. सासूबाईंनी तो हुंगला मात्र... "अगं बाई, चामडं! चुलीपाशी चामडं आनलंस व्हय रं?" दाजींच्या हे ध्यानातच आले नव्हते. अक्का मात्र हसत सुटली. "ऱ्हाऊ द्या. लग्नाकार्याला घालीन."

मग ती स्वतःच शोधू लागली. गावच्या कुंभाराच्या अंगणात तासन् तास बसून राही. तो थट्टेने म्हणाला, "वैनी, आता मडकी घडवनार का?"

"नाय रं. तुजा हात जागीच ऱ्हातो नि माती फिरती. तशी भाकरी फिरंल का?"

त्याने तिला लहानसे लाकडी चाक करून दिले. त्यावर काठवट ठेवायची, थोट्या मनगटाने चाक ढकलायचे आणि उजव्या हाताने थापायचे. पहिल्या दिवशी ते असे भरकन फिरले की पीठ थेट दाजींच्या मिशांवर. ते मिशा झटकत म्हणाले, "दळतीस का थापतीस गं?" कितीतरी भाकऱ्या तव्यावर टाकताना फाटल्या, गुरांपुढे गेल्या. अखेर एका दुपारी सासूबाईंच्या ताटात अक्काची भाकरी पडली. पातळ, गोल, कडेला भेग नाही. त्यांनी ती खाल्ली, ताट पुढे केले... "आनिक एक वाढ गं."

दुसऱ्या बायकोचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. फिरत्या मातीत तिला भाकरी कशी दिसली असेल, याचे नवल मला अजून वाटते.

परवा भिसेगावला गेलो. भाची चुलीपुढे बसली होती. काठवट चाकावरच होती. उजवा हात थापत होता आणि धडधाकट डाव्या हाताची मूठ मिटून ती मनगटाने चाक ढकलत होती.

"मूठ का मिटलीस गं?"

तिने हाताकडे पाहिले. "म्हंजे? भाकरी अशीच करत्यात ना, मामा?"