न वळणारे दोघे

उद्या ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पेपर, आणि आज दुपारी पोटात वरणभात. शार्दूलचं पुस्तक एलिमिनेशनच्या धड्यावर उघडं राहतं, डोळे तेवढे मिटतात. मिटता मिटता कुणीतरी लाथ घालतं. मंजिरीताई, त्याची सख्खी मोठी बहीण. गेल्या वर्षी डेंग्यूने गेलेली, पण ॲप्रन कडक इस्त्रीचा.

"मेल्यावर तरी केमिस्ट्री सुटते का गं?"

"वरही जर्नल पूर्ण लागतं."

दोघं कॉलेजच्या लॅबमध्ये आहेत. लॅबच्या टोकाला घरचा ओटा, त्यावर कुकर. बाकावर दोन कार्बन बसलेत: आई आणि बाबा. शार्दूलला यात काही वावगं वाटत नाही. स्वप्नात आईबापांनी काय व्हावं, हे त्यांचं त्यांनी बघावं.

ताई समजावते. आधी दोघांत एकेरी बंध असतो, म्हणून दोघं पंख्यासारखे हवे तसे फिरतात. मग एकाकडून कुणीतरी निघून जातं. शेजारचाही एक हायड्रोजन गमावून बसतो. उरलेले दोघं एकमेकांना दुहेरी धरतात, आणि त्यानंतर वळणं बंद. तोंडं एका बाजूला राहिली तर सिस, विरुद्ध बाजूंना राहिली तर ट्रान्स.

"बाबांकडून मी गेले," ती म्हणते.

"आणि आईचं काय गेलं?"

"भांडण."

खरंच की. वर्षभरात घरात मिठावरूनही वाद नाही. आई गॅलरीकडे तोंड करून जेवते, बाबा टीव्हीकडे. टीव्ही बंद असतो.

पेपर गेला खड्ड्यात. या दोघांनी एकदा एकमेकांकडे बघावं, एवढंच शार्दूलला हवंय. तो आईचा खांदा धरून ओढतो. लॅबची एसटी झालेली आहे. आईबाबा एकाच सीटवर, दोघांना दोन दिशांच्या खिडक्या. कंडक्टर बजावतो, जोर लावून बंध तुटला तर महामंडळ जबाबदार नाही.

शार्दूल ताईकडे उपाय मागतो.

"सोपाय. गेलेलं परत येऊन चिकटलं की बंध पुन्हा एकेरी. मग फिरतील."

"मग ये ना."

ताई उतरायला उठते.

"पेपरात लिही," ती म्हणते. "मार्क मिळतील."

उतरताना ती त्याचे दोन्ही हात धरते. तिचे हात परमँगनेटने जांभळे, ओले.

तो जागा होतो. दोन्ही तळवे तपकिरी झालेत, परमँगनेट सुकल्यावर होतात तसे. घरात असलं रसायन नाही. आई काही न विचारता एक हात नळाखाली ओढते, बाबा येऊन दुसऱ्याला साबण लावतात. दोघं घासत राहतात. आई भिंतीकडे बघतेय, बाबा दाराकडे. डाग निघत नाही. शार्दूल हात सोडवून घेत नाही.